पुस्तक संपू दे

चिखली तालुक्यातल्या जुन्या वाचनालयांमध्ये कोणती पुस्तके खरोखर वाचली गेली आणि कोणती नुसती कपाटात उभी राहिली, हे पुस्तकांच्या अंगावरून ओळखता येईल का, असा माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा प्रश्न होता. देवघेवीच्या नोंदींवर माझा फारसा विश्वास नाही. पुस्तक घरी नेणे आणि ते वाचणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि नोंद फक्त पहिलीची होते. पानांच्या कडा, शिवणीत अडकलेला कचरा, बोटांचे डाग यांना खोटे बोलण्याचे कारण नसते. हा प्रश्न घेऊन मी गेल्या हिवाळ्यात अमडापूरला पोचले.

तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल मार्तंडराव यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, आत गेले आणि एक जाड कादंबरी आणून टेबलावर ठेवली.

"मळकं पुस्तक पाहिजे ना मॅडम? घ्या. याच्यापेक्षा मळकं आमच्याकडे नाही."

ती साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची एक प्रेमकादंबरी होती. गावात तिला मूळ नावाने कोणी ओळखत नाही. नायिकेवरून तिला 'हेमांगीचं पुस्तक' म्हणतात, आणि मीही इथे तेच नाव वापरणार आहे. हेमांगी ही नदीकाठच्या एका गावातल्या वैद्यांची मुलगी. नदीची मोजणी करायला आलेला मुकुंद तिला लग्नाचे विचारतो. ती लगेच उत्तर देत नाही. परत याल तेव्हा सांगेन, म्हणते. तो दूरच्या कामावर निघून जातो, आणि उरलेली सगळी कादंबरी ही त्या न दिलेल्या उत्तराची गोष्ट आहे. अभ्यासकांनी तिला कधी फारसे मोजले नाही. मी तर ती वाचलीही नव्हती. योगायोग फार आणि नायक जवळजवळ गैरहजर, एवढे मत मात्र माझ्याजवळ तयार होते.

प्रत तपासू लागले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे शिवणीतला कापूस. जवळजवळ प्रत्येक पानाच्या आतल्या बाजूला पांढरे तंतू चिकटलेले होते. उजव्या कोपऱ्यांवर तेलकट अंगठ्यांचे ठसे एकावर एक पडून कागद पारदर्शक झाला होता. हे शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीपर्यंत. त्या प्रकरणाच्या पहिल्या काही पानांवर डाग होते, पण पुसट, एखाद्याच वाचनाचे. त्यापुढची अखेरची चार पाने मात्र कोरी करकरीत, दुसऱ्याच कोणत्या तरी प्रतीतून काढून शिवल्यासारखी. मी तसाच तर्क केला. मग कागद पाहिला, शिवणीचा दोरा पाहिला, छपाईची शाई पाहिली. सगळे एकच होते. पाने मूळचीच होती. त्यांना कुणाचा हात लागला नव्हता.

"याचं उत्तर कपाटात नाही सापडायचं," मार्तंडराव म्हणाले. "धम्मशीलाबाईंकडे जा. ते पुस्तक नावालाच आमचं. वर्षभर असायचं त्यांच्याकडे, दिवाळीच्या मोजणीला तेवढं परत यायचं."

धम्मशीलाबाई सत्तरीला आल्या आहेत. एका डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नाही. मी पुस्तक त्यांच्या हातात दिले तेव्हा त्यांनी ते उघडले नाही, नुसते तळहातावर तोलले.

"कापूस निंघाला काय याच्यातून? निंघनच. कापसातच तं वाचलं आमी."

अब्दुल गनी यांची रजया भरण्याची शेड बाजाराच्या कडेला होती. दिवाळी ते होळी हा तिचा हंगाम. लग्नघरांच्या रजया तिथून जात. दोन्ही बाजूंना बायका बसत, मध्ये रजई पसरलेली असे, आणि प्रत्येकीने आपापली टाक्यांची ओळ पुरी करायची. दुपारी वीज जाई. पत्र्याच्या आडोशाआड कापूस पिंजण्याचे यंत्र होते, ते बंद पडे, आणि शेडमध्ये अचानक इतकी शांतता होई की बायका पेंगू लागत. सुई चुकू नये म्हणून अब्दुल गनींनी वाचनालयातून पुस्तक आणवले. धम्मशीला दहावी झालेली. तिने वाचायचे आणि तिच्या वाट्याची ओळ बाकीच्या बायकांनी थोडी थोडी घालून द्यायची, असा नियम ठरला. त्या ओळीला 'वाचणारीची ओळ' असे नावच पडले. वेगवेगळ्या हातांचे टाके असल्याने ती इतर ओळींपेक्षा किंचित वाकडी दिसे. गिऱ्हाइकांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे कुणाला आठवत नाही.

"पण दर वर्षी हेच पुस्तक का?" मी विचारले.

"दुसरी आनली व्हती ना. एक आनलं, त्याच्यात मेलं सारं उपदेशच. जनकाबाई म्हने, सासू काय कमी हाय घरी. मंग हेच चालू झालं. मी म्हनलं एक डाव, जनकाबाई, औंदा तरी नवं आनू. तं म्हन्ते कशी, नवरा दरसाली तोच चालते, मंग पुस्तकच काऊन नवं पायजे?"

जनकाबाई या शेडमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. न वाचलेल्या पानांचे मूळ त्यांच्यापर्यंत जाते. पहिल्याच हिवाळ्यात पुस्तक वाचता वाचता शेवटच्या प्रकरणाला आले. हेमांगी अखेर मुकुंदला उत्तर लिहायला बसते आणि त्याच वेळी तार येते की मुकुंद कामावर असतानाच वारला. धम्मशीलेने तार वाचली. शेडमध्ये रडारड झाली. त्या दिवशी पसरलेली रजई एका नवरीची होती, आणि जनकाबाईंनी सुई खाली फेकली. नवरीच्या रजईवर मरणाचे शब्द पडले, हे चांगले नव्हे, असे त्यांचे म्हणणे. अब्दुल गनी आले, त्यांनी पुस्तक बंद करून पेटीत ठेवले. दोन ओळी उसवून पुन्हा घालाव्या लागल्या. तेव्हापासून नियम झाला की पुस्तक दर हिवाळ्यात पहिल्यापासून वाचायचे आणि शेवटचे प्रकरण सुरू होण्याआधी मिटायचे.

त्या नवरीचे पुढे काही वाईट झाले, असे मला गावात तिघांनी सांगितले. मी खात्री करून घेतली. ती बाई मेहकरला आहे, नातवंडे सांभाळते, आणि तिच्या रजईवरून एवढे रामायण झाले याची तिला कल्पनाही नाही.

"तुम्ही तरी उरलेलं वाचलं असेल ना? घरी, एकटीने?"

धम्मशीलाबाईंना प्रश्न आवडला नाही. "एकटीनं काऊन वाचू? साऱ्याजनी उपाशी अन् आपुन कोपऱ्यात बसून खाचं? अन् मानूस मेल्यावर काय उरते वाचाले."

ती चार पाने मी उजेडाकडे धरून पाहिली होती, कागद तपासला होता. वाचली नव्हती.

"पुस्तक आनलंच हाये तं उठा," त्या म्हणाल्या. "नूरबीकडे जाऊ. तिले घाई हाय."

नूरबी त्याच गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहते. मुलगी महनूर लग्न होऊन खामगावला असते. नूरबीची बोटे सुईने कायमची वाकलेली आहेत. आम्ही गेलो तेव्हा ती उन्हात बसून एका जुन्या खोळीचा दोरा सोडवत होती. धम्मशीलाबाईंनी माझी ओळख करून दिली, पुस्तकाचे सांगितले. तिने दोरा बाजूला ठेवला आणि मला जे सांगितले ते मी पुढे, माझ्या शब्दांत पण तिच्या क्रमाने, देते आहे.

तिचा नवरा अकील पिंजारी. हिवाळ्यात रजया भरायला रायपूरकडे जाई. एका वर्षी गेला तो आला नाही. महनूर तेव्हा रांगत होती. काही वर्षे वाट पाहिल्यावर जमातीतल्या मोठ्यांनी, मौलवींना विचारून, तिला मोकळी ठरवले. मग ती अब्दुल गनींच्या शेडमध्ये कामाला आली. तो शेडमधल्या वाचनाचा दुसरा हिवाळा होता. बंदीची गोष्ट मागच्या वर्षाची. ती तिला कुणी मुद्दाम सांगितली नाही, आणि ती पुस्तक पहिल्यापासून ऐकू लागली.

पत्र्याच्या आडोशाआड बिलाल होता, अब्दुल गनींचा पुतण्या. यंत्र तो चालवी. वीज गेली की आडोशाला पाठ लावून बसे आणि तोही ऐके. पुस्तक अर्ध्यावर आले असताना त्याने धम्मशीलेच्या मार्फत नूरबीला विचारले. निकाह करायचा, महनूरला आपले नाव द्यायचे. नूरबीने निरोप पाठवला, "पुस्तक संपू दे, मंग सांगते."

"मले वाटलं पंधरा-वीस दिवसात संपन," नूरबी मला म्हणाली. "हाव म्हनाले हिंमत लागते बेटा. येकदा घर मोडलेल्या बाईले तं लय लागते. म्हनलं, हेमांगी उत्तर देईन, त्याच दिवशी मी बी देईन. मनाशी असं ठरवलं व्हतं." वऱ्हाडीत 'हाव' म्हणजे 'हो'.

शेडमधल्या बायकांना पुस्तक आता कधीच संपणार नाही हे माहीत होते. नूरबीचे उत्तर ऐकून त्या हसून लोटपोट झाल्या. त्यांना वाटले, काय सुरेख नकार दिला. नूरबीला वाटले, नवरी होणार म्हणून चिडवताहेत, ती लाजली. धम्मशीलेनेही तो निरोप हसतच आडोशापलीकडे नेला. बिलालने तो ऐकला आणि पुन्हा विचारले नाही.

मग शेवटचे प्रकरण आले. धम्मशीलेने पुस्तक मिटले आणि म्हणाली, आता फुडच्या साली. नूरबीला त्या क्षणी सगळे उमगले, हसणेही. तिने विचारले, पुढे काय होते? चार-पाच जणींनी एकदम सांगितले की उत्तर द्यायला हेमांगीने उशीर केला, तार आली, मुकुंद गेला. बिलालसाठी लोणारच्या स्थळाची बोलणी तेव्हा नुसती चालू होती. पक्के झाले नव्हते.

"थ्या दिवशी पत्र्यामागं जाऊन बोलली असती तं झालं असतं," नूरबी म्हणाली. "पन पाय उचलेना. म्हनलं, पुस्तकातल्या बाईनं उशीर केला तं तिले नाही भेटलं. तिचा बाप वैद्य, तिच्या पायी येवढं मोठं पुस्तक लिवलेलं. मले कोन देते उशिरा?"

लोणारचे जमले. बिलालच्या लग्नाची रजई शेडमध्येच भरली गेली. नूरबीने तिच्यात आपली ओळ घातली, आणि वाचणारीच्या ओळीतले आपल्या वाट्याचे टाकेही घातले. त्यानंतर शेड बंद पडेपर्यंत, फोमच्या गाद्या येऊन रजया कुणी भरून घेईनासे झाले तोपर्यंत, प्रत्येक हिवाळ्यात तिने ते पुस्तक ऐकले. तिला वाचता येत नाही, पण मी मधलेच एखादे वाक्य म्हटले की पुढचे ती पुरे करी. मी हे चार-पाच ठिकाणी करून पाहिले. एकदाही चुकली नाही.

"इतकी वर्षं काय ऐकत होतात?"

"हेमांगी उत्तर द्याले निंघाली हाय, इथवर आयकाचं. निंघाली हाय, हेच लय वाटे."

आता घाई कशाची, तेही तिने सांगितले. बिलालची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. कापसाच्या धुळीने त्याची छाती पोखरली आहे. मुलगी नाजिश त्याला कायमचे नांदेडला न्यायला आली होती; घर विकले होते, दुसऱ्या दिवशी टेम्पो निघणार होता.

"माहा जबाब द्याचा राह्यला," नूरबी म्हणाली. "कसा बी असो, पुस्तक संपल्यावर देईन म्हनलं व्हतं. थे संपवा बेटा. मेला तं मेला. आयकून घेते अन् जाऊन सांगते त्याले, मह्या मनात हाव व्हतं. येवढं तं त्याले माईत पायजे."

धम्मशीलाबाई भिंतीला टेकून बसल्या. नूरबी पदर सावरून माझ्यासमोर, नमाजाला बसावे तशी बसली. मी शेवटचे प्रकरण वाचू लागले. हेमांगी दौत उघडते. दोनदा कागद फाडते. तिसऱ्यांदा नुसते 'स. न. वि. वि.' लिहून बसून राहते. आवारात सायकलची घंटा वाजते. मी तार वाचली.

"इथंच," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "इथंच जनकाबाईनं सुई फेकली."

नूरबीने मान हलवली. तिने ते प्रथमच ऐकले होते, पण तिच्या चेहऱ्यावर नवे काही दिसले नाही. ती उठू लागली. मी पान उलटले आणि स्वच्छ कागदावर आले.

तार दुसऱ्या कुणाची होती. तळावर त्याच नावाचा आणखी एक मनुष्य होता, तापाच्या साथीत तो गेला, आणि कचेरीतून पत्ता चुकला. मुकुंद आजारी होता, पण जिवंत होता. काही महिन्यांनी तो हेमांगीच्या अंगणात येऊन उभा राहतो, इतका वाळलेला की ती आधी ओळखत नाही. ती त्याला पाय धुवायला पाणी देते, जेवायला वाढते, आणि तो अर्धा जेवल्यावर म्हणते, "तुम्ही विचारलं होतंत. हो." मग ती घाबरून विचारते, फार उशीर झाला का? मुकुंद म्हणतो, "उत्तर आलं की वाट पाहणं संपतं. किती पाहिली ते कोण मोजतं?" कादंबरी तिथे संपते.

एरवी या चुकलेल्या तारेवर मी समासात एक तिरकस खूण केली असती. तेव्हा माझा हात उचलला नाही.

"कोन आलं परत?" नूरबीने विचारले.

"मुकुंद."

"जित्ता?"

"हो."

"असं कसं?" धम्मशीलाबाई पुढे सरकल्या. "मेला व्हता थो. तार मी सोता वाचली व्हती."

"तार दुसऱ्याची होती, बाई. पुढच्याच पानावर आहे."

"किती पानं हायेत हे?" नूरबी.

"चार."

धम्मशीलाबाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतले, चांगल्या डोळ्याजवळ नेले, पण त्यांना अक्षर लागत नव्हते. "नूरबी," त्या म्हणाल्या, "दहा मिन्टाचं काम व्हतं वं. मी हसत हसत त्याले जाऊन..."

"राहू दे धम्माताई." नूरबीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दहा मिन्टात वीज आली असती, मशीन चालू झाली असती. कोनाले आयकू आलं असतं?"

मग तिने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि मला म्हणाली, "चाला. तुमी बी चाला. पुस्तक संपलं याचा कोनी साक्षीदार लागन."

धम्मशीलाबाईंनी पुस्तक परत दिले, पण त्या आल्या नाहीत. बिलालचे घर दोन गल्ल्या सोडून होते. दारात सामान काढून ठेवलेले होते. तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, औषधाचा पंप हातात. नाजिशने आम्हाला बसायला पाट दिले आणि आत चहा टाकला. घरात ते उर्दूमिश्रित हिंदी बोलत होते. पण शेडची भाषा वऱ्हाडी होती आणि ही दोघे एकमेकांशी शेडच्याच भाषेत बोलली; आमच्यासमोर नाजिशही तीच बोलली.

"पुस्तक संपलं," नूरबी म्हणाली.

बिलालला आधी कळले नाही, मग तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. "खरंच? कोनं संपवलं?"

"या बाईनं. विद्यापीठातून आल्या."

"म्हन्जे सरकारनं मानूस धाडला म्हन पुस्तक संपवाले. रस्त्याले येत नाही, नळाले येत नाही, पुस्तकाले आला." त्याने पंपाचा एक झुरका घेतला. "अन् काय झालं शेवटी? नको सांगू, माईत हाय. थो मरते."

नूरबीने तोंड उघडले होते. तो मात्र बोलतच राहिला; उद्या जाणारा माणूस बोलतो तसा.

"धम्माताई थ्या दिवशी हसत आली व्हती. म्हने, नूरबी म्हन्ते पुस्तक संपू दे. साऱ्या हसून राह्यल्या व्हत्या. मी लय इचार केला, हे हसू कायचं? येकदा वाटलं, सीधं तुह्या घरी येऊन इचारावं. निंघालो बी. मंग म्हनलं, पुस्तकातला सायब मानूस मरते, त्याले बी उत्तर भेटत नाही, तं आपुन पिंजारी कोनाचं दार वाजवाले चाललो बे? परत फिरलो. लोणारले हाव म्हनून टाकलं. चांगलं झालं. नाजिशची माय लय चांगली बाई व्हती. मह्यासंगं सुखात राह्यली."

नाजिश दारातून एक जुनी रजई दोन्ही हातांवर घेऊन आली. "अब्बा, हे टेम्पोत कुठं ठिवू? खाली का वर?"

"वर. तुह्या अम्मीची हाय थे. दबली नाही पायजे."

नूरबी त्या रजईकडे पाहत होती. एक ओळ किंचित वाकडी होती. नाजिश ती छातीशी धरून उभी होती आणि वडिलांच्या हातातला पंप रिकामा झाला की काय ते बघत होती.

"येक शंका तेवढी राह्यली," बिलाल म्हणाला. "आता जाऊन राह्यलो म्हून इचारतो, राग नको धरू. थ्या वक्ती तुह्या मनात काय व्हतं?"

नूरबीने नाजिशकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"नाईच व्हतं," ती म्हणाली. "सीधं नाई म्हनलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं. म्हून पुस्तकाचं नाव घेतलं."

"अन् पुस्तकात?"

"तार येते अन् थो मरते. मंग संपते."

बिलालने माझ्याकडे मान वळवली. "हाव का, बेटी?"

पुस्तक माझ्या पिशवीत होते. "हो," मी म्हणाले.

त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि खुर्चीत मागे टेकला. "मंग बरं झालं आपुन वाचलं नाही थे. फुकट लगनाच्या रजयांवर रडनं झालं असतं." नंतर तो बराच वेळ रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आणि नांदेडच्या उन्हाळ्याबद्दल बोलला. नूरबीने चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः धुऊन ठेवला आणि जाताना त्याला औषधाच्या वेळा सांभाळायला सांगितल्या.

गल्लीत आल्यावर ती भिंतीला हात लावून थांबली.

"तुमी हे लिवसान?"

मी म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार.

"लिवा. पन थो जित्ता हाय तवरक मुकुंदले मेलाच राहू द्या."

मी वचन दिले. प्रबंधाच्या त्या प्रकरणात मी इतकेच लिहिले की प्रतीची अखेरची चार पाने न वाचलेली आहेत आणि कारण स्थानिक प्रथेत आहे. ते खोटे नव्हते.

बिलाल या उन्हाळ्यात नांदेडला वारला. नाजिशने मार्तंडरावांना कळवले, त्यांनी मला. मी अमडापूरला गेले. नूरबी उन्हातून आत सरकून उंबऱ्याशी बसली होती. तिला माझ्याआधी कळले होते. महनूर खामगावहून आली होती आणि आत भाकरी थापत होती. नात्यातले कुणी गेले नसताना आई दोन दिवस जेवत का नाही, हे तिला समजत नव्हते.

"आता लिवा," नूरबी म्हणाली.

थोड्या वेळाने तिने विचारले, हेमांगीने शेवटी नेमके काय म्हटले होते, ते एकदा परत सांगा. वाचू नका, सांगा. मी सांगितले, की तुम्ही विचारलं होतंत, हो.

नूरबीने ओठ हलवले. मग ती ते म्हणाली, आतल्या मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आणि हेमांगीच्या नव्हे, आपल्या भाषेत.

"तुमी इचारलं व्हतं. हाव."